फोनवरून कोडिंगचं काम कसं सांभाळायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कोड लिहिणाऱ्या एआय एजंटला एखादं जरा मोठं काम दिलं की तो अर्धा-पाऊण तास सहज घेतो. फाइली वाचतो, बदल करतो, टेस्ट चालवतो, फेल झाल्या की पुन्हा हात घालतो. तेवढा वेळ खुर्चीत बसून सरकणाऱ्या ओळी बघण्यात काही हशील नाही. पण उठून गेलात की हमखास ठरलेलं: पाठ फिरल्यावर दुसऱ्याच मिनिटाला एजंट 'ही कमांड चालवू का?' असं विचारतो आणि तुम्ही परत येईपर्यंत तिथेच खोळंबून राहतो. लांबलचक बिल्ड असो, डेटा आयात करणारी स्क्रिप्ट असो की मॉडेलचं ट्रेनिंग, रडगाणं तेच. सुरुवातीलाच एरर येऊन सगळं बंद पडलेलं असतं आणि आपल्याला ते कळतं दोन तासांनी.

खिशातल्या फोनवरून हे टाळता येतं. अट एकच, फोनवर कोड लिहायचा हट्ट धरायचा नाही. एवढ्याशा कीबोर्डवर कंस जुळवत बसणं ही शिक्षा आहे. फोनवरून काय चाललंय ते बघायचं, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायचं, आणि काम भलतीकडे निघालं तर वळवायचं. पुढची सगळी मांडणी याच बेताने केली आहे. बाहेरून घ्यायचे निर्णय जितके छोटे करून ठेवाल तितका फोन उपयोगी पडतो.

(कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत करायची.)

आधी ठरवा, काम चालणार कुठे

दोन रस्ते आहेत. पहिला क्लाउडचा. वेबवरचा क्लॉड कोड, ओपनएआयचा कोडेक्स, गिटहबचा कोपायलट एजंट, गूगलचा ज्यूल्स हे सगळे साधारण एकाच पद्धतीने चालतात: गिटहबवरची तुमची रेपो (प्रोजेक्टचा कोड आणि त्याचा इतिहास) ते आपल्या तात्पुरत्या मशीनवर उतरवून घेतात, काम करतात आणि शेवटी बदलांची ब्रँच (कोडची वेगळी शाखा) किंवा पुल रिक्वेस्ट (ते बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) देतात. फोनमध्ये अॅप किंवा ब्राउझर असला की झालं. तुमचा लॅपटॉप बंद असला तरी बिघडत नाही. अडचण अशी की रेपोत जे आहे तेवढंच तिथे पोचतं. कमिट न केलेले (गिटमध्ये न नोंदवलेले) बदल, तुमच्या मशीनवरचा डेटाबेस, गुप्त किल्ल्यांची एन्व्ह फाइल, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरचा सर्व्हर, यातलं काहीच त्याला दिसत नाही.

दुसरा रस्ता म्हणजे काम आपल्याच मशीनवर चालू ठेवायचं आणि फोनवरून त्यात डोकवायचं. यात पुन्हा तयार सोयी आहेत. क्लॉड कोडमधल्या रिमोट कंट्रोलने मशीनवर चालू असलेलं सेशन फोनच्या अॅपमध्ये जसंच्या तसं दिसतं. पण अशी सोय त्या-त्या कंपनीच्या साधनापुरती असते. एसएसएच (दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) आणि टीमक्स (tmux, टर्मिनल बंद झालं तरी आतलं काम चालू ठेवणारं साधन) यांची जोडी मात्र कशालाही चालते: एजंट कुठलाही असो, बिल्ड असो, साधी पायथन स्क्रिप्ट असो.

माझा सल्ला सरळ आहे. रेपो नव्याने उतरवून घेऊन सगळ्या टेस्ट चालत असतील तर पहिला रस्ता धरा आणि खालच्या पहिल्या चार पायऱ्या सोडून द्या. नसतील तर पुढे वाचा.

पायरी १: मशीन झोपू देऊ नका

सगळ्यात जास्त घोळ इथे होतात. स्क्रीन बंद झाली तर चालतं, मशीन स्लीपमध्ये गेलं तर चालत नाही. चार्जर लावून ठेवा. मॅकवर 'कॅफीनेट' (caffeinate) नावाची कमांड आहे. तिला '-आय' हा पर्याय दिला की ती चालू असेपर्यंत मशीन रिकामं बसल्यामुळे झोपत नाही, पण झाकण बंद केलंत तर झोपतंच. विंडोजवर पॉवरच्या सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर 'काहीही करू नको' असा पर्याय निवडता येतो. लिनक्सवर हेच लॉगइनडीच्या (logind) कॉन्फिग फाइलमध्ये ठरवतात. झाकण बंद करून चालू लॅपटॉप बॅगेत मात्र टाकू नका, आत वारा लागत नाही आणि तो भयानक तापतो. विंडोजचे अपडेट आपोआप रीस्टार्ट करणार नाहीत ना, तेही एकदा बघून ठेवा.

आणि हो, स्क्रीन लॉक करूनच उठा. लॉकने मागचं काम थांबत नाही.

पायरी २: काम टीमक्समध्ये सुरू करा

साध्या टर्मिनलमध्ये एसएसएचने लॉगिन करून काहीतरी सुरू केलं आणि मध्येच नेट गेलं, तर त्या टर्मिनलला जोडलेल्या प्रोसेसना 'सिगहप' नावाचा सिग्नल जातो आणि त्या बहुतेक वेळा तिथेच संपतात. हा सिग्नल टेलिफोन लाइनवर मोडेम जोडायच्या काळातला आहे: पलीकडच्याने फोन ठेवला, आता आवरा. मोबाइल डेटावर तर पलीकडचा दर थोड्या वेळाने फोन ठेवत असतो.

टीमक्स काम आणि टर्मिनल यांच्या मधोमध उभं राहतं. काम टीमक्सच्या सेशनमध्ये चालतं, आणि तुमचं टर्मिनल, मग ते लॅपटॉपचं असो की फोनचं, त्या सेशनला येऊन-जाऊन असतं. २००७ मधलं हे साधन आहे. त्याआधीपासून, १९८७ पासून, ग्नू स्क्रीन हेच करतं. तुम्हाला ते येत असेल तर बदलायची गरज नाही. विंडोजवर टीमक्स थेट चालत नाही, डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) चालतं.

शिकायचं थोडंच आहे. 'टीमक्स न्यू -एस' आणि पुढे एखादं छोटं नाव दिलं की त्या नावाचं सेशन उघडतं. त्यात एजंट किंवा स्क्रिप्ट सुरू करा. बाहेर पडायला कंट्रोल आणि बी एकत्र दाबायचं, सोडायचं, मग डी. काम आत चालूच राहतं. परत जायला 'टीमक्स अटॅच -टी' आणि तेच नाव. नाव विसरलात तर 'टीमक्स एलएस'. होम फोल्डरमधल्या टीमक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये माउस चालू करणारी ओळ टाकून ठेवा. फोनच्या बहुतेक अॅपमध्ये त्यामुळे बोटाने वर-खाली सरकवता येतं, नाहीतर जुन्या ओळी बघायला दर वेळी कंट्रोल-बी आणि चौकटी कंसाची कसरत करावी लागते.

मशीन रीस्टार्ट झालं तर टीमक्सची सेशनं जातात, हे ध्यानात असू द्या. एजंटशी झालेलं संभाषण बहुधा डिस्कवर साठवलेलं असतं आणि रिझ्यूमच्या पर्यायाने परत उघडता येतं, पण अर्धवट चाललेली टेस्ट गेली ती गेली.

पायरी ३: मशीनपर्यंतचा रस्ता

मशीनवर एसएसएच सर्व्हर चालू करा. मॅकवर शेअरिंगमध्ये 'रिमोट लॉगिन', विंडोजवर ऐच्छिक फीचर म्हणून ओपनएसएसएच सर्व्हर, लिनक्सवर नेहमीचं पॅकेज.

आता मोह होतो तो राउटरमध्ये २२ नंबरचं पोर्ट जगासाठी उघडायचा. नका करू. उघड्या २२ वर पासवर्ड आजमावणारे बॉट फार वेळ लावत नाहीत. शिवाय बऱ्याच जोडण्यांवर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही पोचत नाही. नवख्यांसाठी टेलस्केलसारखं साधन बरं. ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं. मशीनवर आणि फोनवर दोन्हीकडे टाकून एकाच खात्याने लॉगिन केलं की दोघांना १०० ने सुरू होणारे खासगी पत्ते मिळतात, आणि फोन कुठल्याही नेटवर्कवर असला तरी त्या पत्त्याने मशीन सापडतं. राउटरला हात लावावा लागत नाही. मशीन ऑफिसचं असेल तर हे टाकण्याआधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा. नंतर विचारणं महागात पडतं.

पासवर्डऐवजी की, म्हणजे डिजिटल किल्ली, वापरा. फोनच्या एसएसएच अॅपमध्येच नवी की-जोडी तयार होते. प्रकार विचारला तर ईडी२५५१९ निवडा. त्यातली पब्लिक कीची ओळ मशीनवरच्या 'ऑथराइज्ड कीज' फाइलमध्ये चिकटवा. लॅपटॉपवरचीच प्रायव्हेट की फोनमध्ये कॉपी करण्याचा शॉर्टकट घेऊ नका. प्रत्येक उपकरणाची की वेगळी असली की फोन हरवल्यावर फक्त त्याची ओळ पुसता येते. की वापरून लॉगिन होतंय याची खात्री झाली की मगच सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये पासवर्डचा रस्ता बंद करा, आणि ते करताना एक सेशन उघडं ठेवा. चुकलंच काही तर आत शिरायला दार राहतं.

पायरी ४: फोनची तयारी

अँड्रॉइडवर टर्मक्स किंवा टर्मियस, आयफोनवर टर्मियस किंवा ब्लिंक. कुठलंही घ्या, पण कंट्रोल, एस्केप, टॅब आणि बाणांची जादा पट्टी त्यात हवी. टर्मक्समध्ये आवाज कमी करायचं बटण कंट्रोलचं काम करतं, हे माहीत नसलं की लोक उगाच वैतागतात.

आयफोनवाल्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमधून 'स्मार्ट पंक्च्युएशन' आधी बंद करावं. ते चालू असलं तर दोन आडव्या रेघा जोडून एक लांब डॅश होतो आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात. कमांड दिसायला बरोबर असते आणि चालत नाही. ऑटोकरेक्टचंही तेच.

नेटवर्क सतत वायफायवरून डेटावर आणि परत असं बदलत असेल तर मॉश वापरून बघा. लॉगिन ते एसएसएचनेच करतं, पण पुढे यूडीपीवर चालतं, त्यामुळे पत्ता बदलला तरी जोडणी टिकते. मॉशला मागच्या ओळी दाखवता येत नाहीत, पण आत टीमक्स असल्यावर ती उणीव जाणवत नाही.

पायरी ५: फोनने तुम्हाला हाक मारावी

दर पाच मिनिटांनी अॅप उघडून बघत बसलात तर खुर्चीतून उठून मिळवलं काय? गरज पडेल तेव्हाच फोन वाजायला हवा.

तयार अॅप वापरत असाल तर नोटिफिकेशन तिथेच चालू करा. एसएसएचवाल्यांसाठी एनटीएफवाय (ntfy) ही मोफत, ओपन सोर्स सेवा सोपी आहे. एक विषय-नाव ठरवायचं, फोनच्या अॅपमध्ये त्याला सबस्क्राइब करायचं, आणि मशीनवरून कर्ल (curl, वेबवर माहिती पाठवणारी-आणणारी) कमांडने त्या नावावर मजकूर पाठवायचा. तो फोनवर येतो. सार्वजनिक सर्व्हरवर मात्र ते नाव हाच पासवर्ड असतो. 'टेस्ट' असं नाव ठेवलंत तर कोणीही ते वाचू शकतं. लांब, अगम्य नाव ठेवा, आणि मजकुरात कोड किंवा ग्राहकांची माहिती घालू नका. 'बिल्ड संपलं, या' एवढं पुरे.

कमांडच्या मागे ही कर्लची कमांड जोडताना '&&' नको, अर्धविराम वापरा. '&&' असेल तर पहिली कमांड यशस्वी झाली तरच निरोप येतो, आणि आपल्याला निरोप हवा असतो तो मुख्यतः काम फसल्यावर. क्लॉड कोडसारख्या एजंटमध्ये हुक असतात: परवानगी मागताना किंवा उत्तर पुरं झाल्यावर आपण ठरवलेली कमांड चालते. तिथे हेच कर्ल लावून ठेवा.

पायरी ६: परवानग्या टेबलावर बसूनच ठरवा

इथे जितका वेळ द्याल तितका पुढे त्रास कमी. एजंटच्या परवानग्यांचे तीन ढीग करा. फाइल वाचणं, टेस्ट आणि लिंटर (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) चालवणं याला आधीच मुभा द्या, नाहीतर फोन क्षुल्लक प्रश्नांसाठी वाजत राहील आणि तुम्ही न वाचता 'हो' दाबायला लागाल. नवं पॅकेज टाकणं, नेटवर्कवर जाणं, गिट पुश यासाठी विचारायला लावा. एन्व्ह फाइल वाचणं, फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास झाकून टाकणारा पुश), खऱ्या डेटाबेसवरचं मायग्रेशन (त्याच्या रचनेत बदल) हे सरळ नाकारा. असे नियम क्लॉड कोडच्या सेटिंग फाइलमध्ये लिहून ठेवता येतात, बाकीच्या एजंटमध्येही या ना त्या रूपात सोय असते.

'काहीही विचारू नको, सगळं कर' अशा मोडचा मोह बाहेर जाताना फार होतो. तो फक्त कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून अलग कप्प्यात) किंवा फेकून देता येईल अशा मशीनवर, जिथे खरे पासवर्ड नाहीत. ज्या लॅपटॉपवर तुमचा सगळा संसार आहे तिथे नाही.

उठण्याआधी असलेले बदल कमिट करा आणि एजंटला वेगळी ब्रँच द्या. दोन कामं एकदम चालवायची असतील तर गिट वर्कट्रीने दोन वेगळी फोल्डर करा, नाहीतर दोन एजंट एकमेकांच्या फाइलींवर पाय देतात.

पायरी ७: निघण्याआधीची सूचना

'लॉगिनचा बग दुरुस्त कर' एवढं लिहून निघालात तर उरलेले प्रश्न रस्त्यात येणार. त्यापेक्षा असं लिहा: 'चुकीचा पासवर्ड दिल्यावर पान कोरं दिसतं, तिथे एरर संदेश दिसला पाहिजे. बदल फक्त लॉगिनच्या फोल्डरमध्ये. टेस्टच्या फाइलींना हात लावू नको, नवी टेस्ट वेगळ्या फाइलमध्ये लिही. नवं पॅकेज नको. सगळ्या टेस्ट पास झाल्या की काम संपलं. एकाच एररवर दोनदा प्रयत्न करून जमलं नाही तर थांब आणि काय करून पाहिलंस ते पाच ओळींत लिही.'

यातली शेवटची ओळ सोन्याची आहे. ती नसली की एजंट अडलेल्या जागी तासभर धडका देत बसतो, आणि तुम्ही परत येता तेव्हा आठ फाइली उगाच बदललेल्या असतात. शक्य असेल तर आधी नुसता आराखडा मागा, तो मोठ्या स्क्रीनवर वाचा, पटला तर 'सुरू कर' म्हणून उठा. आराखड्यातली चूक टेबलावर एका वाक्यात सुधारते. तीच फोनवरून निस्तरायला फार दमछाक होते.

पायरी ८: बाहेरून बघणं आणि वळवणं

अॅप उघडल्यावर पूर्ण डिफ (काय बदललं ते ओळीओळीने दाखवणारी यादी) वाचायला जाऊ नका. आधी 'गिट स्टेटस', मग 'गिट डिफ --स्टॅट'. दुसऱ्या कमांडने कुठल्या फाइलमध्ये किती ओळी बदलल्या एवढंच दिसतं, आणि ते फोनच्या रुंदीत मावतं. स्टेटस आधी अशासाठी, की नव्याने तयार झालेल्या फाइली डिफमध्ये दिसत नाहीत. एजंट स्वतःच कमिट करत असेल तर डिफ रिकामा येतो, तेव्हा तुलना मूळ ब्रँचशी करा.

आता ही यादी वाचायची कशी? वरच्याच उदाहरणात तुमची अपेक्षा लॉगिनच्या दोन फाइली आणि एक नवी टेस्ट एवढी आहे. यादीत तेवढंच दिसलं तर फोन खिशात. पॅकेजची लॉक फाइल शेकडो ओळींनी बदललेली दिसली तर काहीतरी नवं इन्स्टॉल झालंय. आणि जुन्या टेस्टच्या फाइलमध्ये चार ओळी वजा, एक अधिक असं दिसलं तर तेवढा एक डिफ नक्की उघडा. टेस्ट पास होत नाही म्हणून टेस्टच सैल करणं ही एजंटची जुनी खोड आहे, आणि शेवटी येणारा 'सगळ्या टेस्ट पास' हा निरोप त्यात अगदी खरा असतो.

परवानगीचा प्रश्न आला तर कमांड शेवटपर्यंत वाचा. अरुंद स्क्रीनवर लांब कमांड तीन-चार ओळींत मोडते, आणि सुरुवातीला निरुपद्रवी 'सीडी' असून शेपटाला 'आरएम -आरएफ' (न विचारता फोल्डर पुसून टाकणारी कमांड) असू शकतं. वाचता येत नाही किंवा कळत नाही, तर नाही म्हणा. नकारासोबत कारणही लिहा. नुसतं 'नाही' म्हटलं की एजंट तेच काम दुसऱ्या वाटेने करायला बघतो. 'डेटाबेस पुसू नको, टेस्टसाठी वेगळा डेटाबेस आहे, तो वापर' असं लिहिलं की प्रश्न मिटतो.

दिशा चुकली असेल तर एस्केप दाबून आधी थांबवा, मग लिहा. चालू कामात मागून सूचना दिली तर ती पोचेपर्यंत तो आणखी चार पावलं चुकीच्या वाटेवर गेलेला असतो. बोलून टाइप करणं सोयीचं असतं, पण फाइलींची आणि फंक्शनची नावं डिक्टेशन हमखास बिघडवतं, ती हाताने दुरुस्त करूनच पाठवा. दोनदा वळवूनही गाडी रुळावर येत नसेल तर तिसऱ्यांदा समजूत घालत बसू नका. थांबवा, शेवटच्या चांगल्या कमिटवर परत जा, आणि नव्या सेशनमध्ये नीट सूचना देऊन सुरू करा. चुकांनी भरलेलं लांब संभाषण एजंटला पुन्हा त्याच खड्ड्यात नेतं.

मर्ज मात्र टेबलावर. डिप्लॉयही. फोनवर डिफ बरा दिसतो तो बऱ्याचदा नीट दिसत नाही म्हणून.

अडलंच तर

जोडणीच होत नसेल तर दहातल्या नऊ वेळा मशीन झोपलेलं असतं किंवा फोनवरचं टेलस्केल बंद पडलेलं असतं. टीमक्सची चौकट विचित्र आकारात, कडेला ठिपके भरून दिसत असेल तर तेच सेशन दुसऱ्या आकाराच्या स्क्रीनवरही उघडं आहे. अटॅच करताना '-डी' जोडा म्हणजे बाकीचे सुटतील. की नाकारली जात असेल तर एसएसएचच्या फोल्डरची परवानगी ७०० आणि ऑथराइज्ड कीज फाइलची ६०० आहे का बघा. विंडोजवर अॅडमिन खात्याच्या की वेगळ्याच फाइलमध्ये, प्रोग्रॅमडेटाच्या आत असतात. तिथे बरेच जण अडकतात.

फोनला लॉक आणि एसएसएच अॅपला बोटाच्या ठशाचं वेगळं कुलूप लावा, नोटिफिकेशनचा मजकूर लॉक स्क्रीनवर दिसणार नाही असं करा. फोन हरवला तर दुसऱ्या मशीनवरून ऑथराइज्ड कीजमधली त्याची ओळ काढायची, टेलस्केलच्या खात्यातून ते उपकरण काढून टाकायचं, आणि एजंटच्या खात्यातून सगळीकडे लॉगआउट करायचं.

आणि पहिल्यांदा खरंच बाहेर जाण्याआधी घरातच रंगीत तालीम करा. फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, शेजारच्या खोलीत जा, एक छोटं काम चालू करा, एक परवानगी नाकारा, मध्येच विमान मोड चालू-बंद करून परत जोडा. जे तुटायचं ते तेव्हाच तुटेल, आणि मशीन तेव्हा हाताशी असेल.